खालचा आवाज

"तू चढ, मी खाली हाय."

गाणं सुरू होण्याआधी तो एवढंच म्हणायचा आणि डाव्या कानावर हात ठेवायचा. आंबे उतरवताना झाडावर चढणाऱ्याला खालचा माणूस देतो, तोच हा धीर. आमच्या जोडीत वरची पट्टी माझी, खालची त्याची. तुमच्याही वाडीत गणपतीत आमची कॅसेट वाजली असेल. नाव माझं व्हायचं. खालचा आवाज कोण ऐकतो?

मी नोकरीला मुंबईला गेलो आणि जोडी सुटली. तो इथेच राहिला, रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत, बागा सांभाळत. कित्येक वर्षांनी कुणीतरी आमचं जुनं गाणं मोबाईलवर टाकलं, पोरं त्यावर नाचली आणि एका कंपनीने नवा अल्बम मागितला.

स्टुडिओत दोघांचे आवाज वेगवेगळे घेणार म्हटल्यावर तो भांबावला. "मग मी खाली उभा ऱ्हाऊ कुनाच्या?" सगळे हसले. मीही हसलो. काचेपलीकडे तो एकटाच कानावर हात ठेवून गायला. आवाज फाटत होता.

तो स्टुडिओबाहेर गेल्यावर रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "दादा, एक मुलगा आहे. यांच्यासारखाच गाईल. नाव यांचंच ठेवू."

"तुम्हाला ठीक वाटेल तसं करा," मी म्हणालो.

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

अल्बम आला त्या संध्याकाळी त्याच्या पडवीत अख्खी वाडी जमली. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. गाणं लागलं. माझ्या आवाजाखाली दुसरा आवाज आला. भरदार, स्वच्छ, तरुण. त्याचा हात कानाकडे जाता जाता मधेच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

शेजारची काकी ओरडली, "मेल्या, आरतीला कुठं लपवून ठेवतोस रे हा आवाज?"

त्याने कानाकडे निघालेला हात खाली घेतला. मग म्हणाला, "काय करू गो काकी, मशीनसमोरच खुलतो."

त्याने चारचौघांत माझी लाज काढली असती, तर ती सोसायच्या तयारीने मी बसलो होतो. याची तयारी नव्हती. निघताना अंगणात मी तोंड उघडलं, तर म्हणाला, "जा, गाडी चुकंल."

यंदा गणपतीत गेलो. आरतीला पोरं त्याच्या मागे लागली, "काका, अल्बममधला आवाज लावा!"

"घसा धरलाय रे," म्हणत त्याने झांज उचलली.

"अल्बम आल्यापासून धरलाय ह्याचा घसा," काकी म्हणाली. "मोठा गायक झाला ना आता!"

सगळे हसले. मला मात्र तेव्हा उमगलं. तो गायला असता, तर अल्बममधला आवाज त्याचा नाही हे वाडीला तिथेच कळलं असतं. मी उघडा पडू नये म्हणून हा माणूस देवापुढेही गात नव्हता.

म्हणून हे लिहितोय.

आरती चढत गेली. सवयीने मी वरचा सूर लावला. खाली कुणीच नव्हतं. समोर तो झांज वाजवत होता, ओठ घट्ट मिटून.