दाबून धरायचं राहिलं

ईश्वरचं गॅरेज न्हावऱ्याच्या चौकापासून थोडं पुढं, चिंचेखाली आहे. गॅरेज टाकण्याआधी बारा वर्षं तो सणसवाडीच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होता, ब्रेकचे सुटे भाग तपासायच्या लाइनवर. पुढं पाळ्यांचा कंटाळा आला आणि तो गावाकडं परतला. ब्रेकच्या कामात आसपास त्याच्या तोडीचा कोणी नाही असं लोक म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तो स्वतःही म्हणायचा. एका जागी बसणं मात्र त्याला कधी जमलं नाही. चहासुद्धा तो येरझाऱ्या घालतच पिई. गॅरेजातली खुर्ची फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे, असं त्याची बायको सुषमा म्हणायची.

या माघात एका सकाळी वडगाव रासाईचे पोपटराव गाडी घेऊन आले. शेवंतीचे मळे असलेला, सत्तरीला टेकलेला माणूस. सोबत रतनबाई. दोघं लेकीकडं दौंडला निघाले होते. ब्रेक मऊ लागतोय, गाडी उभी करून पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली जातं, असं पोपटरावांनी सांगितलं. ईश्वरनं ऐकलं, पण त्याचे हात आधीच कामाला लागले होते. ब्रेकच्या नळ्यांत हवा धरली असेल म्हणून त्यानं चारी चाकांकडून ती काढली, ब्रेक ऑइल वरपर्यंत भरलं, पेडल चारपाच वेळा धपाधप मारून पाहिलं. कडक लागलं. पोपटरावांना त्यानं निर्धास्त जायला सांगितलं.

गाडी गेली आणि ईश्वरनं चहा हातात घेतला. दोन घोट झाले नसतील, तोच त्याच्या डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. गाडी आली तेव्हा तिच्यातली ब्रेक ऑइलची बाटली जवळजवळ भरलेलीच होती. हवा काढताना बुडबुडेही दोनचारच आले. बाहेर कुठं गळत नव्हतं, मग पेडल खाली जात होतं ते कशानं? सणसवाडीला ते ब्रेक ऑइलच्या प्रत्येक सिलेंडरवर दाब देऊन मिनिटभर तसाच धरत आणि दाबाच्या काट्याकडं बघत राहत. आतलं रबरी सील झिजलं असेल तर ऑइल आतल्या आतच मागं सरकतं, बाहेर थेंबही दिसत नाही. पाय जोरानं मारला तर तेच सील ताणून बसतं आणि पेडल कडक लागतं. हलका पाय ठेवून वाट पाहिली, तरच त्याचा दोष उघडा पडतो. आणि त्यानं नेमकी तीच वाट पाहिली नव्हती.

पोपटरावांना त्यानं तीनदा फोन लावला. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत, हे सगळ्या वडगावाला ठाऊक होतं. गॅरेज तसंच उघडं टाकून, सुषमाला एवढंच सांगून की आलो, त्यानं मोटरसायकलला किक मारली.

उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरला होता. समोर पोपटरावांच्यासारखी पांढरी गाडी दिसली की ईश्वर वेग वाढवायचा, जवळ गेल्यावर ती दुसऱ्याचीच निघायची. एका वळणावर चारपाच माणसं जमलेली दिसली. त्यानं वेग कमी करून पाहिलं, तर ती टेम्पोतून पडलेल्या कांद्याच्या गोण्या उचलत होती.

भीमेच्या पुलाअलीकडं रस्ता उतरतो, तिथं वाहनं खोळंबली होती. पोपटरावांची गाडी एका ट्रॉलीमागं उभी होती. मागचे लाल दिवे लागलेले होते, म्हणजे पाय ब्रेकवर होता. पण ईश्वरनं चाकाकडं पाहिलं, तर चाक फिरत होतं. अगदी सावकाश, पण फिरत होतं.

मोटरसायकल आडवी टाकून तो धावला आणि काचेवर थाप मारली.

"आप्पा, हँडब्रेक वढा."

पोपटरावांनी गोंधळून ओढला. ट्रॉलीच्या लोखंडी हुकापासून गाडी वीतभर अंतरावर थांबली. पेडल तळाला टेकलं होतं.

रांग हलल्यावर ईश्वरनं पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगत रांगत शेजारच्या सपाट रानात घेतली. मग त्यानं सगळं सांगितलं, काय बिघडलं होतं आणि त्यानं काय पाहिलं नव्हतं. पोपटराव भले माणूस. पार्टच जुना झालाय, त्याला तू तरी काय करणार, असं ते म्हणू लागले. तेवढ्यावर हो म्हणून सुटता आलं असतं.

रतनबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "ह्यांनी तुला सकाळीच सांगितलं हुतं, पेडल खाली जातंय म्हनून. ऐकलं नव्हतंस का?"

"ऐकलं हुतं, काकी. पर मनावर घेतलं न्हाई. चूक माझीच हाय."

रतनबाईंनी गाडीतली आपली पिशवी उचलली. रस्त्यावर जाऊन त्यांनी दौंडच्या एसटीला हात केला आणि निघून गेल्या. पोपटराव मात्र थांबले.

ईश्वरनं दौंडहून नवा मास्टर सिलेंडर आणला आणि तिथंच बांधावर बसवला. पोपटराव आत बसून पेडल दाबत होते, हा चाकाचं निपल सोडून हवा काढत होता. सगळं झाल्यावर त्यानं इंजिन चालू करून हलका पाय ठेवला आणि पोपटरावांना घड्याळ बघायला लावलं. एक मिनिट. पेडल होतं तिथंच राहिलं. त्यानं आणखी एक मिनिट पाय तसाच धरला, मग आणखी एक. शेवटी पोपटरावच म्हणाले की आता लेक जेवायची थांबली असेल.

घरी आल्यावरही ईश्वरला चैन पडेना. मागच्या वर्षी ब्रेक मऊ लागतो म्हणून आलेल्या आणखी तीन गाड्या त्याला आठवत होत्या. तिघांनाही त्यानं फोन करून गाड्या तपासायला बोलावलं. एकाचं ठीक निघालं. दुसऱ्याच्या गाडीत तोच दोष सापडला. तिसरे इनामगावचे एक मास्तर. ते म्हणाले की ब्रेक झकास आहे, सवड मिळाली की येतो. ते अजून आलेले नाहीत. ईश्वर दर दोन दिवसांनी त्यांना फोन करतो, आणि या रविवारी तो स्वतःच पान्ह्यांची पिशवी घेऊन इनामगावला जाणार आहे.