लाल भाकरी आणि शेजारच्या अक्का

कंट्रोलच्या दुकानातून मोजून मिळणारी ज्वारी पुरत नाही, म्हणून आज मी पिठात उकडलेलं रताळं आणि किसलेलं लाल गाजर मळून भाकरी भाजल्या. रंग छान आला. बायांनो, त्या रंगाच्या नादातच चूक झाली.

शेजारच्या जैन अक्कांच्या घरी पीठ संपल्यानं सकाळपासून चूल पेटली नव्हती. मी गरम भाकरी नेऊन दिली. त्यांनी ती बघितली आणि हळूच परत केली. "आमाला कंद चालत न्हाईत गं." सहा वर्षं शेजारी राहते, तरी माझ्या लक्षात राहिलं नाही.

सासूबाईंनी तवा आणि काठवट राखेनं घासून काढली. आमचे हे लढाईवरून रजेवर यायचेत, म्हणून राखून ठेवलेलं नुसत्या ज्वारीचं पीठ त्यांनी खाली घेतलं.

"आवं, ते ह्यांच्यासाठी ठिवलंय न्हवं?"

"तिकडं त्याला बी कुनीतरी आसंच करून घालत आसंल," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

परत आलेली लाल भाकरी मी खाल्ली. गोड होती.

तुमच्यातल्या किती जणींनी ते पीठ काढलं असतं? मी काढलं नसतं.