दादाची विलायती पात

वहिनीचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात भाजी घेत होते. "ताई, तुमचे दादा गेले," एवढंच ती म्हणाली... हातातली कांद्याच्या पातीची जुडी तिथेच टाकून मी रिक्षा केली. दीड महिना होत आला, अजून पात विकत घेववत नाही.

दादा फर्दापूरला एका हॉटेलात आचारी होता. लेणी बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी तिथे चाइव्ह्ज लागायची. कांद्याच्याच जातीची, पण सुतासारखी बारीक पात. नोकरी सुटली तेव्हा त्यातलं एक ठोंब त्याने आणलं आणि इथे घराच्या गच्चीवर कुंडीत लावलं. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा आधी त्या कुंडीला. उन्हाळ्यात वर वहिनीच्या जुन्या साडीची सावली. बुडाशी दोन बोटं पात राखून तो वरची कात्रीने कापायचा, दाट झालेलं ठोंब सोडवून शेजाऱ्यांना वाटायचा. मी चिडवायचे, "बाजारात ढीगभर पात मिळते, हे केस कशाला पोसतोस?" "खाऊन तर बघ," तो म्हणायचा, "कांद्यावानी अंगावर येत नाय."

मग घशाचा कॅन्सर निघाला. रेडिएशन झालं आणि तोंडाची चव गेली. आचाऱ्याची चव! डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तेव्हापासून रोज सकाळी तो धापा टाकत गच्चीवर जायचा, एक पात तोडून चावायचा आणि डोळे मिटून बसायचा. आम्ही दोघी जिन्यात. "आली का?" "नाय." ... दुखणं पुन्हा उलटलं, गिळणं अवघड झालं, तरी त्याचं वर जाणं सुटलं नाही. मला त्या कुंडीचा संताप यायला लागला होता. फेकून द्यावीशी वाटायची.

एके सकाळी तो म्हणाला, "आली." वहिनी तिथेच रडायला लागली. धावत खाली जाऊन तिने पात घालून मऊ खिचडी केली. दादाने चार घास कसेबसे खाल्ले. "मीठ?" तिने विचारलं. "बरोबर हाय," तो म्हणाला आणि जाऊन पडला. उरलेली खिचडी मी तोंडात घातली. आनंदाच्या भरात वहिनी मीठ घालायलाच विसरली होती. मी पातेलं उचलायच्या आत तिनेही एक घास घेतला. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

"लग्नापासून माझ्या सैपाकाला त्यांनी कधी खोटं चांगलं म्हटलं नाय," पातेलं घासताना ती म्हणाली. "लई टोचून बोलायचे, ताई. अन् आज..." दुसऱ्या दिवशीपासून दादा गच्चीवर गेला नाही. आम्हीही त्याला काही विचारलं नाही.

आता वहिनी वर जात नाही, म्हणून पाणी घालायला मी जाते. पात माजलीय नुसती. काल एक तोडून चावली. चव लगेच लागली, आणि मला ती गिळवेना.