बुधवारचा पहिला तास

“वार आभाळातून पडला न्हाई, मोजून आलाय,” असं म्हणून ते अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवायचे. मग समोरच्याची सुटका नसे.

शिरूर कासारात मुहूर्त काढणारे ते एकटेच नव्हते. बसस्थानकासमोर एक ज्योतिषसम्राट बसत. त्यांच्या पाटीवर भर उन्हातही रंगीत दिवे पळत आणि गळ्यात माळा इतक्या, की मान असल्याचं गृहीत धरावं लागे. असे सम्राट तुम्हीही पाहिले असतील. आमच्या गल्लीतल्या या ज्योतिष्यांना मात्र सगळे नुसतं ‘देवा’ म्हणत. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. ग्रह लग्नं जुळवतात यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, तरी संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसायचो.

“मास्तर, शनिवारानंतर रविवारच कावून?”

“सुट्टी लागते म्हणून.”

ते हसायचे नाहीत. “जुन्या लोकांनी चालीवरून ग्रह लावले. सगळ्यात मंद शनी. मग गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, आन् सगळ्यात चपळ चंद्र. एकेक तास एकेकाला वाटून दिला. सूर्य उगवताना ज्याचा तास, त्याचा वार. चोवीस तास असे वाटत जा, सातांच्या तीन फेऱ्या होऊन तीन तास उरतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पहिला तास चौथ्याला जातो. शनी धरून चौथा कोण?”

“सूर्य.”

“आन् सूर्य धरून?”

“चंद्र.”

“आला का सोमवार!” जणू तो त्यांनीच आणला होता.

हे गणित आपल्याकडे बाबिलोन, इजिप्त, ग्रीस असं फिरत आलं, हेही ते लपवत नसत. सम्राटांच्या मते सगळं इथूनच गेलेलं. देवा म्हणायचे, “चांगला हिशोब कुठूनबी येऊ दे, घरात घ्यावा.”

गल्लीतल्या एका ऊसतोड्याच्या पोरीला अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला जागा मिळाली. यादी उशिरा लागली आणि हजर व्हायचा शेवटचा दिवस आला बुधवार. आमच्याकडे बुधवारी लेक घराबाहेर पाठवत नाहीत. बाप पोरीला घेऊन ओट्यावर आला. लग्नाच्या तारखा काढायला आलेली चार माणसं तिथं बसलेलीच होती.

“देवा, माझी बहीण बुधवारी सासरी गेलती. पुन्हा दिसली न्हाई. पोरीला कसं पाठवू?”

देवांचा अंगठा पेरांवरून फिरला. “पहिला तास बुधाचा. मग चंद्र, शनी, आन् चौथा गुरूचा. विद्येला गुरूच पायजे. त्या तासाला काढ तिला.”

बापाचा चेहरा उजळला. पोरगी मात्र हळूच म्हणाली, “देवा, सरळ गाडी दिवस उगवताच सुटते. ती चुकली तर पुढं बदलत जावं लागतं. वेळेत पोचणार न्हाई. जागा जाईल.”

अंगठा थांबला. ती गाडी नेमकी बुधाच्या तासात होती. ओट्यावरची माणसं कान देऊन होती. त्यांच्याच दक्षिणेवर देवांची चूल पेटायची.

“कारखान्याला जाताना वार इचारतो का रे?” त्यांनी बापाला विचारलं.

“तिथं कुठला वार, देवा? मुकादमाची गाडी येईल तवा बसायचं.”

“मुकादमाच्या गाडीला वार इचारत न्हाईस, मग पोरीच्याच गाडीला कावून?”

बापाने देवांच्या पेरांकडे बोट दाखवलं. “म्हंजे तुमचा हिशोब खोटा?”

“हिशोब खराच हाय. पण त्यो वाराचं नाव सांगतो, पोरीचं नशीब न्हाई. ज्यांनी मांडला त्यांना ना शिरूर ठाव, ना तुझी बहीण. पहिल्याच गाडीला बसव. मी येतो.”

बुधवारी दिवस उगवताना, सम्राटांच्या पाटीसमोरून देवा तिची पेटी स्वतः उचलून गाडीपर्यंत घेऊन गेले. गावाने पाहिलं. त्या वर्षीच्या लग्नतिथी बऱ्याचशा सम्राटांकडे गेल्या. मी विषय काढला तर म्हणाले, “जाऊ द्या मास्तर. तिकडं दिवेबी हायत.”

हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. देवा माझ्या शेजारी राहत होते म्हणून, दुसरं काही कारण नाही.

पुढं काही वर्षांनी, शेवटच्या दुखण्यात छातीत कफ भरून धाप लागली तेव्हा देवांना अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातच नेलं. मी भेटायला गेलो, तर पांढऱ्या कोटातली तीच पोरगी त्यांची नाडी बघत होती. ती पुढच्या खाटेकडे वळताच देवा शेजारच्या म्हाताऱ्याकडे झुकले. “आमच्या गल्लीची हाय. बुधवारी निघालती.”

म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं. देवांनी दम घेतला आणि पुन्हा, जरा मोठ्याने, सांगितलं.