पुजलेली गवसणी

बायकोला हे माहीत नाही. आई गेली, तिलाही कधी कळलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. सुरुवात गवसणीपासूनच करतो, कारण ती मी निवडली होती.

युद्ध संपून मी कोरेगावला घरी आलो. उसात डुकरं शिरत, म्हणून चुलत्यांकडे परवान्याची रायफल होती, आणि ती ते जुन्या धोतरात गुंडाळून ठेवत. मला ते बघवेना. फौजी ना मी! चुलत्यांच्या मुलाला, सदाला, बरोबर घेतलं, रायफलीच्या मापाची दोरी खिशात घातली आणि सांगली गाठली. खोगिरं शिवणाऱ्याकडे चामड्याची गवसणी होती, पितळी बक्कल लावलेली. ती नको म्हटलं — पावसाळ्यात चामडं दमट राहतं, पोलाद गंजतं. जाड कॅनव्हासची, आतून लोकर लावलेली घेतली. आणि सदाला तिथंच बजावलं, गवसणी मऊ आहे, कापडावरूनही घोडा दाबला जातो. म्हणून आधी बोल्ट मागं, मग आत बोट घालून गोळी नाही ना ते बघायचं, मगच गवसणी.

सदानं ते पाठ केलं. दसरा झाला की तो साताऱ्याला भरतीला जाणार होता. त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

अष्टमीच्या संध्याकाळी डुक्कर आलं. सदानं बार काढला, तो चुकला. सदा माग बघायला पुढं धावला, मी रायफल घेतली, नवी गोळी चढवली — आणि डुक्कर पसार. घरून हाका येत होत्या, पूजेची हत्यारं मांडायची होती. सदानं गवसणीचं तोंड धरलं, मी रायफल आत सारली. बोल्ट उघडला नाही. सुरक्षेचा खटकासुद्धा लावला नाही. मी. ज्यानं शिकवलं, त्यानं.

आठवलं कधी? खंडेनवमीच्या आरतीत. गवसणीवर हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि चुलते पाहुण्यांना सांगतायत, “आमचा फौजी हाय, त्याच्या हातची बंदूक म्हंजी बघायलाच नगं.” पुजलेलं हत्यार आमच्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघेपर्यंत हलवत नाहीत. पण जीव जाईल म्हटलं असतं, तर चुलत्यांनी स्वतः माळ काढली असती. एक वाक्य बोलायचं होतं — आत गोळी आहे, माझ्याकडून राहिली. लाज वाटली. एवढंच. दुसरं काहीही नाही. देवघराच्या दाराशी दोनदा जाऊन आलो. आत माणसं होती. म्हटलं, उद्या उचलायच्या वेळी मीच पुढं होईन.

दसऱ्याला दुपारी मी फेटा बांधत होतो. सदानं हौसेनं गवसणी उचलली, एक हात मधे, घोड्यापाशी, डावा नळीच्या टोकाला.

आवाज झाला तेव्हा मला बघायला जावं लागलं नाही. मला ठाऊक होतं.

डाव्या हाताची तीन बोटं गेली. चुलत्यांनी रक्तातच उभं राहून विचारलं, “गोळी कुणी ठिवली रं आत?” सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी — मी सदावर ओरडलो. शुद्धीवर होता तो. कितीदा सांगितलं होतं तुला, बार काढल्यावर बोल्ट मारून नवी गोळी चढवलीस आणि तशीच दिलीस ना माझ्याकडं? त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो आठवायचा प्रयत्न करत होता, हे मला दिसत होतं. मग म्हणाला, “व्हय… माझ्याच हातनं ऱ्हायली आसंल.”

फौजी सांगतोय म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला. कसा बसू नये?

भरतीला तो गेला नाही. समोरच्याच घरात राहतो. नांगर एका हातानं रेटतो, दुसऱ्याचा नुसता आधार. दर खंडेनवमीला, गवसणी पूजेला मांडायच्या आधी, आपल्या पोरांना बोलावतो, तो हात पुढं करतो आणि सांगतो, “म्या काकाचं ऐकलं न्हाई, म्हून ह्यो हात गेला. तुमी ऐका.”

पोरं माझ्याकडे वळतात. मी बोल्ट मागं ओढतो, आत बोट घालायला शिकवतो. सदा शेजारी बसून मान डोलावतो.