एक खार, दोन खारी

क्लेमेंटिना मिरांडा आमच्या इस्पितळात ‘सहाय्यक मानसशास्त्रज्ञ’ म्हणून रुजू झाली तेव्हा मुख्य मानसशास्त्रज्ञ नावाचा माणूस तिथे नव्हताच. त्यामुळे ही बाई सहाय्यक नेमकी कुणाची, हा प्रश्न वर्षभर फायलींतून हिंडला आणि शेवटी ती सगळ्यांचीच सहाय्यक असं ठरलं. मेट्रनबाई तिला चादरी मोजायला लावत. औषधवाला बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून घेई. उरलेल्या वेळात ती माणसांची मनं तपासायची. हे १९५३ सालचं. पुढे बत्तीस वर्षांनी ती निवृत्त झाली, तेव्हाही सहाय्यकच होती.

इस्पितळ धर्मादाय, ठाण्यात कोपरीच्या टोकाला, खाडीच्या अंगाला. मनोविकार विभाग म्हणजे दोन वॉर्ड, एक टेबल आणि मोठे डॉक्टर. डॉक्टर पुण्याचे, विलायतेला जाऊन आलेले, आणि दोन्ही गोष्टी समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतील याची काळजी घेणारे. मी रेकॉर्ड क्लार्क. नाव आनंदा, राहणार डोंबिवली, अक्षर मोत्यासारखं. डॉक्टर सांगत, मी लिहीत असे, ते न वाचता सही करत. माझ्या अक्षरावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

क्लेमेंटिना ठाण्यातल्याच एका पाखाडीतली, ख्रिस्ती वस्तीतली. बाप होडी घेऊन खाडीत जाणारा आणि मुलगी मुंबईत एम.ए. झालेली. पहिल्याच आठवड्यात ती घाईघाईत सांगायला आली, “सर, पेशंटची गारी आली.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “गारी? हे कोण गृहस्थ?” सगळी खोली हसली. मीही हसलो, कारण डॉक्टरांच्या विनोदाला हसणं हा तेव्हा नोकरीचाच भाग होता. ती हसली नाही. तिच्या घरी गाडीला गारी आणि साडीला सारी म्हणत. त्या दिवसापासून तिने घरची बोली घरी ठेवली आणि इस्पितळात प्रत्येक ‘ड’ असा ठासून उच्चारायला लागली की कधीकधी ‘बरं’चंही ‘बडं’ होऊन जाई. मग नर्सा तिची नक्कल करत. दोन्हीकडून करमणूक आमचीच.

१९५५ साली काळुराम नावाचा एक इसम आपल्या भावजयीला, ठमाबाईला, घेऊन आला. धुतलेली टोपी, हातात वकिलाकडून लिहून आणलेला अर्ज. ठमाबाईचा नवरा नाथा वर्षापूर्वी वारला होता. खाडीकाठचं मिठागर दोघा भावांचं. नाथाचा अर्धा हिस्सा आता ठमाबाईकडे होता आणि ती तो स्वतः कसत होती. अर्जात म्हटलं होतं की बाई अपरात्री उठते, एकटीच खाडीवर जाते, आपल्याशीच बोलते, सबब तिला वेडी ठरवून सुरक्षित ठिकाणी ठेवावं. तिच्या हिश्श्याची देखभाल करण्याचं ओझं दीर म्हणून आपण आनंदाने उचलू, असंही शेवटी होतं. एवढं प्रेम दिराकडून क्वचितच मिळतं.

डॉक्टरांनी तपासणी केली. मी लिहायला बसलो होतो.

“रात्री का उठता?”

“खारी बोलावते,” ठमाबाई म्हणाली.

डॉक्टरांचे डोळे चमकले. “काय म्हणते?”

“म्हनते, उठ, येल झाली.”

“खारी बोलावतात असं म्हणा,” डॉक्टरांनी सुधारलं. “एक खार, दोन खारी. अनेकवचन आहे.”

ठमाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. शेजारच्या घरातला मुलगा परीक्षेत नापास झाल्याचं कळल्यावर बायका पाहतात, तसं. डॉक्टरांनी मला सांगितलं, मी लिहिलं: ‘रुग्णास खारींचे आवाज ऐकू येतात. खारी तिला रात्री उठण्याची आज्ञा करतात.’ अक्षर नेहमीसारखं.

तिला वॉर्डात ठेवून घेतलं. बुद्धिमापनाची चाचणी क्लेमेंटिनाने घ्यायची होती. चाचणी विलायतेहून आलेली, डॉक्टरांनी स्वतः मराठीत आणलेली. एक प्रश्न असा: अवेळी पाऊस आला तर प्रथम काय कराल? बरोबर उत्तर: खिडक्या बंद करीन. ठमाबाई म्हणाली, “मिठाचं ढीग झाकीन.” उत्तरपत्रिकेप्रमाणे शून्य. क्लेमेंटिनाने शून्य दिलं आणि समासात बारीक लिहिलं, ‘हिच्या घराला खिडकी नाही. मीठ आहे.’ डॉक्टरांनी ते खोडलं. त्यांच्या मते समास भोकं पाडण्यासाठी असतो.

पाच आठवडे गेले. ठमाबाई रात्री उठून दाराशी उभी राही आणि दार उघडा म्हणे. नर्स वेळ नोंदवी, सकाळी मी ती वहीवरून फायलीत उतरवत असे. एक वाजता. दुसऱ्या रात्री पावणेदोन. तिसऱ्या रात्री अडीच. मग आठदहा दिवस बाई शांत झोपे, पुन्हा तेच. डॉक्टरांनी हे बरोबर हेरलं. लक्षणं अमावस्या-पौर्णिमेलाच बळावतात, चंद्राचा वेडावरचा परिणाम विलायतेतही मान्य आहे, असं त्यांनी पानभर सांगितलं. त्यावर एक निबंध लिहायचाही त्यांचा विचार होता. गुरुवारी दाखला मॅजिस्ट्रेटकडे जायचा आणि तिथून ठमाबाई वेड्यांच्या इस्पितळात. तिथून माघारी आलेलं माणूस आम्ही तरी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी क्लेमेंटिना फाईल घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“आनंदराव, ही बाई ‘खारी’ म्हणाली की ‘खारी’?”

“म्हणजे?”

“तुम्हाला कळलंय मी काय विचारतेय ते.”

“डॉक्टरांनी सांगितलं ते मी लिहिलं,” मी म्हणालो. हे उत्तर सरकारी असो की धर्मादाय, कुठल्याही कचेरीत चालतं.

तिने रात्रीच्या नोंदींची वही मागून घेतली आणि गेली.

बुधवारी डॉक्टरांच्या खोलीत शेवटची बैठक. डॉक्टर, मेट्रनबाई, दाराशी टोपी हातात घेतलेला काळुराम आणि कोपऱ्यात मी. ठमाबाईला स्टुलावर बसवलं होतं. क्लेमेंटिनाने एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. सहाय्यकाने मागू नये, पण डॉक्टर त्या दिवशी प्रसन्न होते. ती स्टुलाजवळ गेली आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच इस्पितळात आपल्या घरच्या भाषेत बोलली.

“मावशे, खारी कुठं हाय ती दाखव मना.”

मेट्रनबाईंनी तोंडाला पदर लावला. ठमाबाईने खिडकीकडे बोट केलं. बाहेर कडुलिंबावर खरोखरच एक खार उलटी लटकून शेपटी उडवत होती.

“पाहिलंत?” डॉक्टर म्हणाले.

“ती खार,” ठमाबाई म्हणाली. “ती झारावं र्‍हाते. खारी तिकरं.”

बोट झाडापलीकडे, खाडीकडे होतं.

क्लेमेंटिना खाडीकडेच बोट दाखवत काळुरामाकडे वळली. “काळुराम, तुमी खारीला काय बोलताव?”

“खारीला खारीच बोलताव, दुसरा काय?” तो बोलून गेला, आणि मग टोपीकडे पाहत राहिला.

मग तिने वहीशेजारी बापाच्या घरातलं भरती-ओहोटीचं कोष्टक ठेवलं. एक वाजता, पावणेदोन, अडीच. ज्या ज्या रात्री ठमाबाई उठली होती, त्या रात्री उधाणाच्या भरतीची तीच वेळ होती. मिठागराला पाणी लागतं ते उधाणाचं. पाणी चढलं की खाडी आवाज करते, तेव्हा बांधाचं दार उघडावं लागतं. नाथा उठायचा, त्याच्यामागे ती उठायला लागली. दार उघडताना नवऱ्याशी दोन शब्द बोलायची. तो मेलेला आहे हे तिला ठाऊक होतं, ती तसं म्हणालीही.

डॉक्टर बराच वेळ कोष्टक पाहत राहिले. बहुधा निबंधाला निरोप देत असावेत.

“मिस मिरांडा, तुम्हाला ही भाषा कुठून येते?”

“घरातून, सर. तुम्ही हसला होतात ती हीच.”

डॉक्टरांनी घसा साफ केला आणि मला मजकूर सांगितला: ‘रुग्णाच्या सदोष उच्चारामुळे निदानात गैरसमज झाला. रुग्ण शहाणी असून तिला घरी सोडावे.’ आणि हात धुवायला गेले.

माझं पेन थांबलं. आता सांगूनच टाकतो. डोंबिवलीत आमच्या दारावर बायजा नावाची मासळीवाली रोज यायची. खारी भरली होती, खारी रिती होती, हे मी तिच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. ठमाबाईने पहिल्या दिवशी तो शब्द उच्चारला तेव्हाच मला कळला होता. मी अनेकवचन लिहिलं, कारण सांगणारे मोठे डॉक्टर होते आणि माझं अक्षर सुंदर होतं. पाच आठवडे ती दाराशी उभी राहिली. मला आजही लाज वाटते.

मी लिहिलं: ‘परीक्षकांच्या सदोष श्रवणामुळे गैरसमज झाला.’ आयुष्यातली ही पहिली बंडखोरी, आणि तीही वाचली जाणार नाही याच्या खात्रीवर. मनात थोडा फुशारलोही होतो. क्लेमेंटिनाने कागद उचलून वाचला. वाटलं, आता आभार मानेल.

“आनंदराव,” ती शांतपणे म्हणाली, “‘परीक्षकांच्या’च्या पुढे ‘व लेखनिकाच्या’ राहिलं.”

खिडकीतून फाटकाकडे पाहिलं तर ठमाबाई बोचकं काखेत मारून निघालीसुद्धा होती. काळुराम चार पावलं मागून चालत होता. मी ते दोन शब्द लिहिले. डॉक्टर हात पुसत आले आणि त्यांनी न वाचता सही केली. तो कागद अजून त्या फायलीत असेल. त्यातले दोन शब्द माझ्या अक्षरातले वाटत नाहीत.