व्हिडिओतली हजेरी

शिक्षकांच्या खोलीत किस्से शोधावे लागत नाहीत. वरून एक पत्र आलं की महिनाभराची सोय होते! या वेळचं पत्र असं, की प्रत्येकाने धड्यांचे स्क्रीनकास्ट व्हिडिओ करावेत. म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर जे दिसतं ते आपल्या आवाजासकट रेकॉर्ड करायचं.

कारण मात्र खरं होतं. आमची शाळा कळवणच्या पश्चिमेला. दिवाळी झाली की वर्गातली कितीतरी पोरं आईबापांबरोबर द्राक्षबागांच्या कामाला खाली जातात. परत येईपर्यंत अभ्यास पार विसरतात. काही तर परत येतच नाहीत.

*

प्रशिक्षण नाशिकला. हॉल एसी, प्रोजेक्टर भारी, आणि बरोबर अकराला लाईट गेली! तज्ज्ञ मॅडम डगमगल्या नाहीत. खडू मागवला, फळ्यावर अख्खा लॅपटॉप काढला आणि "हे रेकॉर्डिंगचं लाल बटण" म्हणत पांढरा गोल काढला. आम्हीही गुणी, सगळ्यांनी तो गोल वहीत उतरवून घेतला. शेजारच्या आहेर मॅडमनी मला कोपराने ढोसून विचारलं, "सर, लाल पेन आहे का?"

*

भूगोलाच्या बागूल सरांचा पहिला व्हिडिओ आठ मिनिटांचा. पडद्यावर नकाशा, आणि सर हातातली पट्टी लॅपटॉपवर आपटत सांगतायत, "ही गोदावरी इथून निघाली, ही बघा अशी वळली!" व्हिडिओत नकाशा जागचा हललेला नाही. मागे नुसती टकटक.

मी म्हटलं, "सर, पट्टी दिसत नाहीये."

"असं? मग उद्या मोठी आणतो!"

*

आहेर मॅडम विज्ञानाच्या. त्यांनी व्हिडिओत प्रश्न विचारला, "सांगा, वनस्पती आपलं अन्न कुठे तयार करतात?" तेवढ्यात पडद्यावर मिस्टरांचा मेसेज उगवला, "येताना मेथी आणू की पालक?" मॅडमना पत्ताच नाही. व्हिडिओ तसाच पोरांच्या ग्रुपवर गेला. संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. अकरा जणांनी लिहिलं होतं, "मेथी."

*

मुख्याध्यापकांचा व्हिडिओ आम्हाला 'आदर्श नमुना' म्हणून दाखवला. पहिल्या स्लाईडवर सरस्वती, दुसरीवर संस्थाचालक, मग प्रास्ताविक, मग सर्वांचे आभार. शेवटी म्हणाले, "वेळेअभावी धडा आपापला वाचून घ्यावा!"

*

आता गांगुर्डे सर. गणिताचे, येत्या मे महिन्यात रिटायर होणार. आयुष्यभर हजेरी घेतल्याशिवाय त्यांनी खडू उचलला नाही. पोरांच्या ग्रुपवर गेलेल्या त्यांच्या पहिल्या चार-पाच व्हिडिओंतही सुरुवातीची चार मिनिटं हजेरीच! रिकाम्या कॉम्प्युटर रूममध्ये बसून पटावरचं एकेक नाव घ्यायचं, "हजर सर" यायला हवं तेवढं थांबायचं, मग पुढचं नाव.

मुख्याध्यापक भडकले. "गांगुर्डे, चार मिनिटं वाया! क्वालिटी नावाची काही चीज आहे की नाही? कापा ते!"

सरांना कापता येत नव्हतं. मीच कापून दिलं. पुढच्या तीन व्हिडिओंत सर थेट समीकरणावर आले. एकदम चकाचक.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांचा फोन वाजला. आठवीतली सुमन भोये, दिंडोरीकडच्या बागेतून, बापाच्या फोनवरून. सरांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. सगळ्या खोलीने ऐकलं.

"सर, आधी तुम्ही नाव घ्यायचे तर मी इथून हजर म्हणायची. आता माझं नाव येतच नाय. शाळेतून नाव कमी केलं का हो माझं?"

"नाही गं पोरी," एवढंच सर म्हणाले. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याच दुपारी सरांनी हजेरीचा पट काखेत मारला आणि मला म्हणाले, "चला, दाबा तुमचं लाल बटण." मुख्याध्यापक दारात येऊन ऐकत उभे राहिले. सरांनी पहिल्यापासून नावं घेतली.

"भोये सुमन."

जरा जास्तच वेळ थांबले. मग चष्म्यावरून समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं.

"हं. बस खाली."